तुमच्यावाचून काय अडलं न्हाय

माझे वडील आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते, त्या वर्षांत दोघांमध्ये एकच शब्द चालू होता. जयभीम. आम्ही कळंब्यात राहतो, काकांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी दोघंही तलावाच्या बांधावर फिरायला जायचे. पप्पा या टोकाकडून निघायचे, काका त्या टोकाकडून, आणि मध्ये कुठेतरी समोरासमोर आले की हात जोडून "जयभीम" म्हणायचे आणि पुढे जायचे. ते न म्हणणं दोघांच्याही तत्त्वात बसत नव्हतं. त्यापुढे एक अक्षर बोलणंही बसत नव्हतं.

हे सगळं माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात झालं. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. काकीचं माहेर इचलकरंजीचं. तिचा शिंपीही तिथलाच, आणि त्याच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाला ब्लाउज शिवता येतो यावर तिचा विश्वास नाही. लग्नाच्या सकाळी नवरीची पांढरी साडी सापडली, बांगड्या सापडल्या, ब्लाउज सापडेना. तो इचलकरंजीतच राहिला होता. काकी रडायला लागली. पप्पांनी स्कूटर काढली आणि म्हणाले, "कुणी काळजी करायची नाही. मी जातो आणि घेऊन येतो."

ते गेले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. शिंप्याचं दुकान बंद होतं. दुकानावरून त्याचं घर शोधलं, तर तो देवाला गेलेला. त्याच्या बायकोनं कुलूप उघडून दिलं, पण कुठला ब्लाउज कुणाचा हे तिला माहीत नव्हतं. इकडे भन्तेजींना दुसऱ्या गावी दुसरं लग्न लावायचं होतं, ते किती थांबणार? शेवटी माझा एक पांढरा ब्लाउज नवरीला घातला. मी तिच्यापेक्षा चांगली रुंद असल्यामुळे मागून पिना लावून तो आवळला, आणि तिला सांगितलं की काही झालं तरी पाहुण्यांकडे पाठ करायची नाही. वंदना झाली, फुलं पडली, लग्न लागलं.

पंगत बसल्यावर पप्पा आले. घामानं डबडबलेले, केस धुळीनं पांढरे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लाउज. मांडवाच्या तोंडाशीच काका नव्या सोयऱ्यांबरोबर उभे होते. त्यांनी पप्पांना बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बसा दादा निवांत. तुमच्यावाचून काय अडलं न्हाय."

पप्पा बसले नाहीत. ब्लाउज माझ्या हातात दिला आणि न जेवता घरी गेले.

आईनं त्यांना पुष्कळ समजावलं. "भावजींना तसं म्हणायचं नसंल ओ." पप्पा म्हणायचे, "मराठी मला कळतं." पप्पा जिल्हा परिषदेत कार्यालय अधीक्षक होते. आयुष्यभर लोकांच्या अर्जांतली वाक्यं वाचून त्यामागचा हेतू ओळखणं हेच त्यांचं काम होतं. त्यामुळे या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. काका फौंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. तिथल्या आवाजानं त्यांचे कान थोडे गेलेत, म्हणून ते 'पाणी दे' म्हणाले तरी शेजारच्या घरातलं माणूस दारात येऊन काय झालं म्हणून बघतं. पप्पा का बोलत नाहीत, हे विचारायला ते कधी आले नाहीत. त्यांचं म्हणणं, मोठ्या भावाला राग आला असेल तर त्यानं येऊन सांगावं. सगळ्या घरादारात फक्त दोन माणसं रोज बोलत राहिली, आई आणि काकी, फोनवरून, दोघे भाऊ बांधावर गेले की.

अशात मला एका इंजिनिअरिंग कॉलेजातून फोन आला.

मी एका कॉलेजात मराठी शिकवते. फोन करणारे सर कॉम्प्युटर विभागाचे, वयानं माझ्यापेक्षा लहान, पुण्याकडचे. आवाजात इतका विनय की मला वाटलं काहीतरी विकायचंय. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही यंत्राला मराठी वाक्यांचा अर्थ समजायला शिकवतोय. लोक हेल्पलाइनला फोन करतात, व्हॉइस मेसेज पाठवतात. हा माणूस तक्रार करतोय की विनंती, हे यंत्रानं ओळखावं, अशी कल्पना आहे. पण थोडी अडचण येतेय. येऊन बघाल का?"

मी गेले. लॅब म्हणजे एक लांबट खोली, एसी जोरात, आणि सगळी मुलं स्वेटर घालून बसलेली. सरांनी मला फळ्यावर गोल काढून दाखवले. आपल्या मेंदूत जशा पेशी एकमेकींना इशारे देतात, तशा यात गणिताच्या छोट्या छोट्या पेशी असतात, म्हणाले. प्रत्येकीला बिचारीला फारसं काही कळत नाही. ती फक्त मागच्यांचं ऐकते आणि पुढच्यांना सांगते, कुणाचं जास्त मनावर घेते, कुणाचं कमी. अशा लाखो पेशी एकत्र आल्या की वाक्याचा अर्थ तयार होतो. शब्दांचं म्हणाल तर यंत्र प्रत्येक शब्दाला त्याच्या आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखतं. चहाबरोबर जे शब्द येतात तेच कॉफीबरोबर येतात, म्हणून चहा आणि कॉफी एकमेकांच्या जवळ जाऊन बसतात.

"आतापर्यंत याला काय वाचायला दिलंय?" मी विचारलं.

"वर्तमानपत्रं. आणि शासकीय परिपत्रकं."

मी खुर्ची ओढली आणि आमच्याकडे दारात पाहुणा आला की जे म्हणतात ते टाईप केलं. 'काय पावणं, वाट चुकली का?' यंत्रानं उत्तर दिलं: विनंती, पत्ता हवा आहे. मग लिहिलं, 'जेवल्याशिवाय जाऊ देणार न्हाय.' यंत्र म्हणालं, धमकी. सर म्हणाले की या वाक्यावर त्यानं एकदा 'पोलिसांना कळवावे' असाही सल्ला दिला होता. 'लई शाना हायस' ही स्तुती निघाली. 'बघू की' म्हणजे होकार. शेवटी मी लिहिलं, 'आई, मी आलो गं.' आमच्याकडे घरात बायकाही आलो, गेलो असंच बोलतात. यंत्रानं मला पुरुष ठरवलं.

सर ओशाळून म्हणाले, "यात आमचीही थोडी चूक आहे. मीही आधी तसंच समजलो असतो."

यावर उपाय म्हणजे इथली माणसं हवीत, असं ठरलं. इथल्या बोलीत वाढलेली, मोकळा वेळ असलेली, वयस्क. त्यांनी लॅबमध्ये येऊन बसायचं. पडद्यावर एकेक वाक्य येईल, त्याखाली बटणं असतील: स्तुती, तक्रार, विनंती, आमंत्रण, धमकी, टोमणा, दिलासा, माहिती. वाचायचं आणि योग्य ते बटण दाबायचं. तेच वाक्य दुसऱ्या कुणालातरी स्वतंत्रपणे दाखवलं जाईल. दोघांचं जमलं तर ते यंत्राला शिकवायचं. शिवाय प्रत्येकानं आपल्या आठवणीतली चार वाक्यंही घालायची, ज्यांचा अर्थ यंत्राला कळणार नाही असं वाटतं अशी.

मी पप्पांना विचारलं. त्यांना निवृत्तीनंतर इतक्या उत्साहात मी पाहिलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली, आणि सरांसमोर जाऊन बसले. सरांनी पुन्हा फळ्यावर गोल काढले. पप्पांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"मेंदूसारखं म्हणजे कुणाच्या मेंदूसारखं?" त्यांनी विचारलं.

"असं कुणाच्या नाही. सर्वसाधारण."

"सर्वसाधारण मेंदू मी नोकरीत बघितलेत," पप्पा म्हणाले. "त्यांना अर्ज कळत नव्हता. वाक्य कळेल का?"

सर हसले आणि म्हणाले, म्हणूनच शिकवावं लागतं. यंत्र चुकलं की चूक किती झाली ते मोजायचं आणि शेवटच्या पेशीपासून मागे जात प्रत्येकीला तिच्या वाट्याची चूक सांगायची, म्हणजे पुढच्या वेळी ती सुधारते.

"कळलं," पप्पा म्हणाले. "वरून खालपर्यंत प्रत्येकाला थोडा थोडा मेमो."

सरांनी ते वाक्य पुढे आपल्या वर्गात वापरायला सुरुवात केली, असं मुलांकडून कळलं.

पप्पा आठवड्यातले ठरलेले दिवस जाऊ लागले. चारच दिवसांत काकीचा मला फोन आला. आईनं तिला सगळं सांगितलं होतंच. "आमच्या ह्यांनाबी घे की गं तिथं," काकी म्हणाली. "घरात बसून माझं डोकं खात्यात. भाजीत मीठ किती, टीव्हीचा आवाज किती, सगळ्यात बोलत्यात. तिथं बटणं दाबू देत." मी म्हटलं, पप्पा तिथं आहेत. काकी म्हणाली, "दुसऱ्या दिवशी बोलव. ह्यांना सांगायचं कशाला?"

असे काकाही आले. कुणाचे कोण, हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांना गोल बघायची हौस नव्हती. ते म्हणाले, "सर, मला एवढंच सांगा, कुठलं बटण दाबायचं." एक दिवस पप्पा, एक दिवस काका. दोघंही त्याच खुर्चीत बसत, तोच माउस धरत. काकांना वाक्य मोठ्यानं वाचायची सवय होती, त्यामुळे त्यांच्या दिवशी सगळी लॅब काम थांबवून ऐकायची. एखादं वाक्य त्यांना पटलं नाही तर ते पडद्याशी बोलायचे. "आरं, हे कोण म्हणतंय असं? असं न्हाय म्हणत." मुलांना दोघंही आवडले होते. मला मात्र रोज भीती वाटायची की पप्पा एखाद्या दिवशी विसरलेला चष्मा न्यायला येतील.

ती वेळ आली नाही. दुसरीच आली. सरांनी मला बोलावलं आणि फार खुश होऊन सांगितलं, "मॅडम, आपल्याकडे इतकी माणसं बसतात, पण दोन माणसांची उत्तरं एकमेकांशी जितकी जुळतात तितकी बाकी कुणाचीच जुळत नाहीत. टोमणा म्हणजे टोमणा, दिलासा म्हणजे दिलासा. जणू एकाच माणसानं दोनदा बटणं दाबलीत."

"कोण ते?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"तुमचे वडील आणि ते मोठ्यानं वाचणारे गृहस्थ. मला वाटतं दोघांना एकत्र बसवावं. मोजकीच वाक्यं आहेत ज्यावर त्यांचं जमलेलं नाही. ती दोघांनी चर्चा करून सोडवली, तर आमचं मोठं काम होईल."

मी म्हटलं, "सर, ते सख्खे भाऊ आहेत."

"अरे वा. मग तर प्रश्नच नाही."

"ते एकमेकांशी बोलत नाहीत."

सर म्हणाले, "पण काम म्हणून बोलतील की." इतके दिवस आमच्यात राहून त्यांच्या बोलण्यात तो 'की' आला होता. मी पुष्कळ टाळलं. पण मला स्वतःलाही बघायचं होतं काय होतंय ते, हे खोटं कशाला सांगू? घरी मी कुणालाच काही बोलले नाही. आईला मात्र सांगितलं, म्हणजे काकीला सांगितल्यासारखंच झालं.

त्या दिवशी काका आधी येऊन बसले होते. पप्पा दारातून आत आले, त्यांनी खुर्चीत पाठमोरा माणूस बघितला आणि थांबले. भावाला पाठीवरून ओळखायला वेळ लागत नाही. काकांनी वळून बघितलं. मुलं टायपिंग करायची थांबली.

"जयभीम," पप्पा म्हणाले.

"जयभीम."

मग पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ ओळखायला मला कुठल्याच यंत्राची गरज नव्हती. पण सरांनी पुढे होऊन अतिशय आदरानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, आणि परक्या माणसानं ओढलेल्या खुर्चीचा अपमान करणं पप्पांना शक्य नव्हतं. ते बसले. दोघांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची राहिली. मी तिच्यात बसले.

पहिलं वाक्य आलं, 'आता तुम्हीच बघा काय ते.' पप्पांनी विनंती दाबलं होतं, काकांनी तक्रार.

पप्पा मला म्हणाले, "यांना सांग, यात माणूस शरण गेलेला आहे. अशी वाक्यं अर्जाच्या शेवटी येतात."

काका शेजारीच बसून सगळं ऐकत होते. ते मला म्हणाले, "दादाला सांग, शरण न्हाय, वैतागलेला हाय. बायको असंच म्हणती."

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, काकांचा आवाज बाहेरच्या पार्किंगपर्यंत गेला असणार. सरांनी विचारलं, दोन्ही म्हणता येईल का? दोघं एकदमच "न्हाय" म्हणाले. थोड्या वेळानं पप्पांनी कबूल केलं की बायको म्हणते तेव्हा तक्रार असते. काकांनी कबूल केलं की साहेबाला म्हणतात तेव्हा विनंती असते. सर भराभर टाईप करत होते. अशी दोन-तीन वाक्यं झाली. 'यांना सांग, दादाला सांग' तेवढंच चालू होतं, पण चाललं होतं. मला वाटायला लागलं की आज निभावतंय.

मग पुढचं वाक्य आलं.

'बसा दादा निवांत. तुमच्यावाचून काय अडलं न्हाय.'

सरांनी आवाज चढवून वाचलं, कारण काकांना ऐकू यावं म्हणून ते हल्ली सगळंच मोठ्यानं वाचायचे. "एकानं टोमणा म्हटलंय. एकानं दिलासा."

"टोमणा मी म्हटलंय," पप्पा म्हणाले. "वाक्यही मीच दिलंय." आठवणीतली चार वाक्यं घालायला सांगितल्यावर त्यांनी पहिलं हेच घातलं होतं.

"दिलासा माझा," काका म्हणाले. ते पडद्याकडे शांतपणे बघत होते. "ह्यात टोमणा कुठं हाय? चांगलं वाक्य हाय की. 'बस निवांत' म्हणतोय माणूस."

पप्पांनी पहिल्यांदा थेट त्यांच्याकडे तोंड केलं. "हे कोण म्हणालं, आठवतंय का?"

"कोण?"

"तू."

"मी? कवा?"

काकांना खरंच आठवत नव्हतं. त्यांचा चेहरा बघून ते खोटं बोलत नाहीत हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं, पप्पांनाही. आणि मला वाटतं पप्पांना सगळ्यात जास्त लागलं ते तेच. इतकी वर्षं ते वाक्य त्यांनी एकट्यानं सांभाळलं होतं, आणि ज्यानं म्हटलं होतं तो दोन दिवसांपूर्वी ते कुण्या परक्याचं समजून वाचून, बटण दाबून, चहा प्यायला गेला होता.

"लग्नात," पप्पा म्हणाले. "मी ब्लाउज घेऊन आलो तेव्हा. मांडवाच्या तोंडाला."

"त्या दिवशी?" काका म्हणाले. "मला वाटलं, आम्ही तुझ्यासाठी थांबलो न्हाय, तुझ्याबिगर लग्न लावलं, म्हणून तू न जेवता गेलास. मी म्हटलं, आता काय तोंड घेऊन जायचं ह्याच्याकडं? भन्तेजी थांबंनात, मी तरी काय करणार?"

"थांबला नाहीस त्याचं काय? लग्न वेळेत व्हायला पाहिजे. मी स्वतः तेच केलं असतं. पण तू चारचौघांत म्हणालास, तुमच्यावाचून काय अडलं न्हाय."

"मग न्हवतं अडलं. पोरगीनं ब्लाउज घातला की हिचा." काकांनी माझ्याकडे बोट केलं. सगळी लॅब माझ्या मापाकडे बघायला लागली. "तू इचलकरंजीपासनं उन्हातनं आलास, तुझा श्वास लागलेला. मला वाटलं, ह्यो आता ब्लाउज द्यायला पळत पळत आत जातोय आणि कुठंतरी पडतोय. म्हणून म्हटलं असंल, बस निवांत, काय अडलं न्हाय."

"मग 'तुमच्यावाचून' कशाला?"

"म्हंजे?"

"एरवी मला तू 'तू' म्हणतोस. लहानपणापासून. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणालास. 'बसा' म्हणालास. 'तुमच्यावाचून' म्हणालास." पप्पांचा आवाज आता काकांच्या बरोबरीला आला होता. "माणूस आपल्या भावाला 'तुम्ही' कधी म्हणतो? तोडायचं असतं तेव्हा."

"आरं, सोयरं हुबं होतं की तिथं," काका म्हणाले. "नवं सोयरं. त्यांच्यासमोर थोरल्या भावाला अरे-तुरे करू? मान दिला तुला."

सरांना राहवलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे सर्वनामामुळे अर्थ बदलला?" मग ते म्हणाले, "काका, तुम्ही ते तेव्हा जसं म्हणाला होता तसं एकदा म्हणून दाखवाल का? आवाजाचाही भाग असतो."

काका उठून उभे राहिले. दार म्हणजे मांडव आहे असं धरून ते दाराशी गेले आणि तिथून म्हणाले. बाहेरून जाणारा एक शिपाई आत डोकावला. त्याला वाटलं कुणीतरी मारामारी करतंय.

"बघितलंस?" पप्पा मला म्हणाले. "हे दिलाशाचं आहे का?"

"माझा आवाजच असा हाय," काका म्हणाले. "फौंड्रीतला. हळू बोलल्यावर माझं मलाच ऐकू येत न्हाय." त्यांनी हळू म्हणून बघितलं. ते आणखीच संशयास्पद वाटलं. मग हसून म्हटलं, मग पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं. तो हात त्यांनी नंतर काढून घेतला नाही. पप्पांनी आपल्या पद्धतीनं, त्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं तसं, म्हणून दाखवलं. ते ऐकून एक मुलगी म्हणाली, "बापरे, असं असेल तर टोमणाच." काका तिला म्हणाले, "असं मी आयुष्यात बोललेलो न्हाय. हे दादाचं बोलणं हाय. ऑफिसातलं."

शेवटी पप्पाच म्हणाले, "सर, यंत्राला विचारा. आम्ही इतके दिवस शिकवतोय त्याला. ते काय म्हणतं बघू."

सरांना ते नको होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण आता सगळेच पडद्याभोवती जमले होते. त्यांनी वाक्य टाकलं. यंत्रानं जरा वेळ घेतला, मग खाली शब्द आला: माहिती.

"माहिती?" पप्पा म्हणाले.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं. त्यांना दिसलं नव्हतं.

"म्हणतंय, तू मला फक्त माहिती दिलीस. काही अडलेलं नाही, एवढीच."

"माहिती?" काका चिडले. "माझ्या पोरीचं लग्न, माझा थोरला भाऊ घामाघूम होऊन दारात आलाय आणि मी त्याला माहिती देतोय? ह्याला काय काळीज हाय का न्हाय?"

"नाही म्हणजे, ते अजून शिकतंय..." सर म्हणाले.

"सर, याला मेमो द्या," पप्पा म्हणाले.

दोघंही सरांना बोलत होते, एकाच वेळी, एकाच सुरात. ते यंत्र कसं चुकलंय हे सांगताना एकानं वाक्य सुरू केलं की दुसरा पुरं करत होता. निवांत हा शब्द असताना ती माहिती कशी होईल, काका विचारत होते. दादा हा शब्द असताना, पप्पा म्हणत होते. माणूस दादाला माहिती देत नाही. एकतर मान देतो, नाहीतर टोमणा देतो. सर मान हलवत लिहून घेत होते. मी त्या मधल्या खुर्चीतून उठले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या वाक्याला कुठलं बटण द्यायचं हे मात्र ठरलं नाही. पप्पा म्हणाले, "त्याला तसं म्हणायचं नव्हतं हे मला पटलं. पण मी ऐकलं ते टोमणाच. मी ऐकलेलं खोटं कसं म्हणू?" काका म्हणाले, "बरोबर हाय. तू तुझं ठेव, मी माझं ठेवतो." सरांना एकच उत्तर लागत होतं. ते पुष्कळ वेळ डोकं खाजवत बसले आणि मग त्यांनी यंत्रात अशी सोय केली की एका वाक्याला दोन माणसांचे दोन अर्थ ठेवता यावेत, आणि यंत्रानंही उत्तर देताना 'म्हणणाऱ्याला असं, ऐकणाऱ्याला असं' म्हणावं. पुढे त्यांच्या शोधनिबंधात याचंच जास्त कौतुक झालं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण वर्गात कविता शिकवताना मुलं एकच अर्थ सांगा, परीक्षेला कुठला लिहायचा ते सांगा, असं म्हणतात तेव्हा माझी होणारी पंचाईत एका कॉम्प्युटरवाल्यालाही झाली, याचं मला बरं वाटलं.

त्या दिवशी दोघं पप्पांच्या स्कूटरवरून घरी आले. काकी आमच्याच घरी येऊन बसली होती. आईनं मटण टाकलं होतं. कुणी काही विचारलं नाही. जेवताना काका मोठ्यानं म्हणाले की मीठ कमी आहे, आणि पप्पा म्हणाले बरोबर आहे, आणि आई आणि काकी एकमेकींकडे बघायला लागल्या. आता दोघं एका बाजूला झाले तर आपलं काय होणार, हा विचार त्यांनी तेव्हा पहिल्यांदा केला असावा.

बटणं दाबायचं काम संपल्यावर सरांना घाटाकडची बोली हवी होती. गगनबावड्याला जाऊन, माणसांशी गप्पा मारून, आवाज रेकॉर्ड करून आणायचे. मुलांना परीक्षा होत्या. पप्पा म्हणाले, आम्ही जातो. सरांनी त्यांना रेकॉर्डर दिला, तो कसा सुरू करायचा ते दाखवलं. कसा बंद करायचा हे दाखवलं होतं की नाही, यावर आजही दोन मतं आहेत. दोघं सकाळी एसटीनं गेले, भर पावसात.

ते परत आले तेव्हा रेकॉर्डर गच्च भरलेला होता. मी, सर आणि दोन मुलं ऐकायला बसलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊस आणि हे दोघं. एसटीत खिडकी उघडी ठेवायची की बंद. उतरायचं इथं की पुढच्या स्टॉपला. छत्री कोण विसरलं. लहानपणी आईनं दोघांपैकी कुणाला जास्त मारलं. घाटाकडच्या माणसांना बोलायला मध्ये जागाच मिळाली नव्हती. एका टपरीवर भज्यांच्या कढईचा आवाज येतो, आणि त्यामागून एक म्हातारा विचारतो, "पावणं, भांडताय का ओ?"

"न्हाय," काका म्हणतात. "बोलतोय."

सरांनी तेवढा तुकडा कापून घेतला. म्हाताऱ्याची बोली चांगली आहे म्हणाले, स्पष्ट आहे, कामाला येईल. बाकीचं त्यांनी पुसून टाकायला हरकत नव्हती, पण मुलांनी ते आपल्या मोबाइलवर घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत लावून ऐकायची सवय लावून घेतली. छत्री काकाच विसरले होते, असं बहुतेकांचं मत पडलं.